३ टनाचा डक्टेबल एसी: सप्लाय +२२, रिटर्न −६३ पास्कल. दोष कुठे धरायचा?

विश्रामबाग_तिसरा_मजला
सांगली. तीन खोल्यांना मिळून फॉल्स सीलिंगमध्ये ३ टनाचा कन्सील्ड डक्टेबल एसी आहे, म्हणजे लपवलेल्या युनिटमधून डक्टने हवा वाटणारा. दुपारी हॉल २८ च्या खाली येत नाही. रिटर्न (युनिटकडे परत येणारी हवा) आणि सप्लाय (खोल्यांत जाणारी हवा) यांच्या तापमानात १४ अंशांचा फरक, म्हणजे थंडावा आहे पण हवा नाही. गॅस दोनदा तपासून झाला. कॅटलॉगमध्ये हाय स्पीडला ५० पास्कल प्रेशरवर १२०० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) लिहिलंय, फिल्टर न धरता. डिजिटल मॅनोमीटरने (प्रेशरचा मीटर) घेतलेली रीडिंग अशी, पास्कलमध्ये:

सप्लाय, युनिटच्या कॉलरपासून दीड फुटावर: +२२
रिटर्न, फिल्टर आणि युनिटच्या मधे: −६३

पाचही ग्रिलना पुठ्ठ्याचं तोंड लावून अॅनिमोमीटरने (हवेच्या वेगाचा मीटर) मोजलं, बेरीज ७६० सीएफएम. रिटर्न ग्रिल एकच, १८ बाय १२ इंच, फिल्टर तिच्यातच. ६३ मधून २२ वजा करून ४१ धरायचे का? तसं असेल तर प्रेशर मर्यादेतच आहे आणि घोटाळा दुसरीकडे आहे.

डक्टवाला_मिरज
वजा नाही, बेरीज. ब्लोअर एकीकडून ओढतो, दुसरीकडे ढकलतो आणि दोन्हीचं ओझं त्याच्याच अंगावर. २२ अधिक ६३, एकूण ८५ पास्कल. युनिट ५० चा. मॅनोमीटरच्या दोन्ही नळ्या एकदम लावल्या, प्लस सप्लायला आणि मायनस रिटर्नला, तर ८५ थेट दिसतील. भोक फिल्टरच्या पुढे घेतलंत ते बरोबर. कॅटलॉग फिल्टर धरत नसेल तर फिल्टरचं ओझं आपल्या खात्यात मोजायचं.

आता ग्रिल. १८ बाय १२ म्हणजे दीड चौरस फूट. ७६० सीएफएमलाच तिथे मिनिटाला ५०० फुटांवर वेग जातो, १२०० ला ८०० होईल. फिल्टर असलेल्या ग्रिलला ३०० च्या आसपास ठेवावा, म्हणजे ४ चौरस फूट, २४ बाय २४. सीलिंगवाला डिझाइनकडे बघून ग्रिल ठरवतो आणि डक्टवाला त्यात बसेल तेवढी हवा सोडतो, हे आपल्याकडे नेहमीचंच.

सप्लायचे २२ बघून मात्र निवांत होऊ नका. प्रेशर हवेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ७६० ला २२, तर १२०० ला (१२०० भागिले ७६०) चा वर्ग गुणिले २२ = ५५. म्हणजे उद्या रिटर्न शून्यावर आणला तरी पूर्ण हवेला सप्लाय एकटाच मर्यादा ओलांडतो. आज तो साधा दिसतो कारण त्यातून हवाच जात नाही.

तोडफोडीआधी दोन चाचण्या करा. फिल्टर काढून रीडिंग, मग रिटर्न बॉक्सचं झाकण पूर्ण उघडून रीडिंग. दोन्ही वेळी सप्लायचा आकडाही लिहा, सगळी गंमत त्यातच आहे. सप्लायच्या डॅम्परला (हवा कमी-जास्त करायची झडप) हात लावू नका.

लेव्हल_ट्यूब
त्याआधी मीटर बघा. गॅस शेगडीसाठी मिळणारा २ पीएसआयचा मॅनोमीटर असेल तर तो इथे निरुपयोगी. २ पीएसआय म्हणजे जवळपास १३,८०० पास्कल. त्यावर अचूकता पूर्ण रेंजच्या ०.३ टक्के लिहिलेली असली तर चूक ४१ पास्कल, म्हणजे तुमच्या रीडिंगइतकीच. ५०० पास्कलच्या आतली रेंज आणि १ पास्कलचं रिझोल्यूशन हवं. दोन्ही नळ्या मोकळ्या ठेवून शून्य करा, आणि नळीचं टोक उघडं खुपसू नका. स्टॅटिक टिप (वेगाचं प्रेशर वगळून मोजणारं टोक) लावा, तिचं तोंड हवा येते त्या दिशेला. साधी नळी तिरकी बसली की वेगाचं प्रेशरही त्यात मिसळतं.

मीटर नसेल त्यांच्यासाठी: गवंड्याची लेव्हल ट्यूब, रंगीत पाणी आणि एका बाजूला रुंद बाटली. सरळ उभ्या नळीत ५० पास्कल म्हणजे जेमतेम ५ मिलिमीटर, डोळ्याला कळत नाही. नळी दहास एक उतारावर फळीला बांधली की तेच ५० मिलिमीटर दिसतात. फळी मात्र लेव्हलला हवी.

विश्रामबाग_तिसरा_मजला
मीटर ५०० पास्कलचा आहे, शून्य करून घेतलेला. रीडिंग:

फिल्टर काढून: +२५, −४१
बॉक्स उघडून: +३८, −६

व्होल्टेज २२८. शेवटच्या स्थितीत एकूण ४४ आलं, म्हणजे ५० च्या आत. ग्रिल मोठी केली की काम झालं?

डक्टवाला_मिरज
अर्धं झालं. सप्लायला हात लावला नाही, म्हणून सप्लायचं प्रेशरच आता तुमचा हवेचा मीटर. ३८ भागिले २२ चं वर्गमूळ १.३१, गुणिले ७६०, आले १००० सीएफएम. फिल्टर काढल्यावर याच हिशेबाने ८१० होते.

पण ४४ पास्कलवर या युनिटने १२०० च्या वर द्यायला हवेत आणि देतोय १०००. बाहेरच्या डक्टवर हे ढकलता येत नाही, कमतरता पेटीच्या आत आहे. शक्यता तीन: मोटर मीडियम स्पीडच्या टॅपवर (स्पीड ठरवणारी वायर), ब्लोअरच्या पात्यांच्या खोबणीत धूळ, किंवा कॉइल चोंदलेली. कॉइल चोंदली तर युनिटबाहेरचं स्टॅटिक प्रेशर उलट कमी दिसतं, कारण हवा घटते आणि कॉइलचं प्रेशर बाहेरच्या मोजणीत येतच नाही. 'प्रेशर छान आहे' म्हणून माणसं इथेच फसतात.

आपल्या भागात उसाचं पाचट पेटलं की काळी काजळी गच्चीवर येते तशी घरातही येते. जाळीचा फिल्टर तिची बारीक भुकटी अडवत नाही, ती ओल्या कॉइलवर बसते. टॉर्च लावून कॉइलची हवा शिरते ती बाजू बघा. खालून नुसती बघून 'स्वच्छ आहे' म्हणू नका.

सातारा_शीटमेटल
स्पीड वाढवण्याआधी कॉइलच्या तोंडाचं माप घ्या. सीएफएम भागिले चौरस फूट मिनिटाला ५०० फुटांच्या फार वर गेलं तर पावसाळ्यात कॉइलवरचं पाणी हवेबरोबर उडतं, ट्रेच्या पलीकडे पडतं आणि पीओपीवर डाग येतो.

सप्लायसाठी: कॉलरनंतर, पहिल्या बेंडनंतर आणि प्रत्येक फाट्यानंतर भोक घेऊन रीडिंग घेत चला. प्रेशर जिथे एकदम पडतं तिथे अडचण. बहुतेकदा फ्लेक्सिबल डक्ट ताणून न लावता गोळा करून कोंबलेला असतो, किंवा सीलिंगच्या चॅनेलखाली चेपलेला. भोक ८ मिलिमीटरचं पुरे. ड्रेन ट्रे, कॉइल आणि वायरिंगपासून लांब. नंतर रबरी बूच, वर अॅल्युमिनियम टेप, आणि इन्सुलेशन परत चिकटवायचंच, नाहीतर तिथेच घाम सुटेल.

आणखी एक: रिटर्न ग्रिलपाशी आणि युनिटच्या तोंडाशी, दोन्हीकडे तापमान घ्या. आत दोन-तीन अंश जास्त दिसलं तर रिटर्न बॉक्स फटीतून स्लॅबखालची गरम हवा ओढतोय. त्या फटी बुजवल्या की रिटर्नचं वजा प्रेशर थोडं वाढेल, घाबरू नका.

पिटो ट्यूबने (वेगाच्या प्रेशरवरून हवेचा वेग काढणारी नळी) मोजणाऱ्यांसाठी: मीटर प्रति सेकंद = १.२९ गुणिले पास्कलचं वर्गमूळ, हे समुद्रसपाटीच्या हवेचं सूत्र. सांगली-साताऱ्याला थंड सप्लाय हवेत दोन-साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो, घरगुती कामात सोडून द्या. महाबळेश्वरला मात्र धरा.

विश्रामबाग_तिसरा_मजला
मोटरची वायर मीडियमलाच होती, आणि पात्यांत बोटाने निघेल एवढा थर. कॉइलचं तोंड पावणेतीन चौरस फूट, हायला चालेल. ब्लोअर धुतला, टॅप हायला, ग्रिल २४ बाय २४, सप्लाय अजून तसाच. नवीन रीडिंग फिल्टरसकट: +४७, −१७. वर्गमुळाने ११११ सीएफएम, तापमानाचा फरक १० अंश.

डक्टवाला_मिरज
टनाला ३७० सीएफएम पडले. एकूण ६४ आहे, तेव्हा आता हॉलकडचा फ्लेक्सिबल सरळ करा. पण तो हलवला, किंवा एखादा डॅम्पर फिरवला, की ७६० ला २२ हा संदर्भ मोडला. त्यानंतर वर्गमुळाचा हिशेब लावू नका, पुठ्ठा घेऊन पाचही ग्रिल नव्याने मोजा आणि ते आकडे युनिटच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा, तारखेसकट.