शासिन्यी अशनीतील ऑलिव्हिनवरून मूळ शिलारसाचा अंदाज कसा बांधावा?

दादर_पूर्व:
मी मुंबईत भूविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकते आणि सत्रनिबंधासाठी मंगळावरून आलेल्या अशनींचा विषय घेतला आहे. फ्रान्समध्ये ३ ऑक्टोबर १८१५ रोजी पडलेल्या शासिन्यी अशनीत सुमारे नव्वद टक्के ऑलिव्हिन (लोह-मॅग्नेशियमचे सिलिकेट खनिज) आहे आणि त्यातील मॅग्नेशियम व लोह यांच्या अणूंचे प्रमाण साधारण ६८ ला ३२ असे आहे. संपूर्ण खडकाचे रासायनिक विश्लेषण हाताशी असताना तेच मूळ शिलारसाचे संघटन का मानू नये, आणि अभ्यासक एकेका स्फटिकाच्या मागे का लागतात, हे मला नीट उमगलेले नाही. स्फटिकावरून द्रवाकडे उलट कसे जायचे, हे कोणी आकड्यांसह सांगितले तर फार मदत होईल.

घाटमाथा:
अभ्याससहलीत कसारा घाटातला तो बेसाल्ट तुम्ही पाहिला असेल, ज्यात बोटभर लांबीचे प्लॅजिओक्लेजचे (कॅल्शियम व ॲल्युमिनियम असलेल्या फेल्डस्पार खनिजाचे) स्फटिक पसरलेले दिसतात. ते स्फटिक खोलवरच्या शिलारसकोठीत सावकाश वाढले आणि नंतर द्रवासोबत वर आले, असे मानले जाते. तो दगड तसाच दळून विश्लेषणाला दिला, तर कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम त्या द्रवात होते त्याहून जास्त दिसतील. शासिन्यीची गोष्ट याहून टोकाची आहे, कारण तिथे स्फटिक तळाशी साचले आणि ज्या द्रवातून ते निपजले तो बहुतांशी निघून गेला. थोडक्यात, तुमच्या हाती आहे तो गाळ. रस केव्हाच ओतून नेला आहे.

उलट जाण्याची वाट अशी. ऑलिव्हिन वाढताना द्रवातले मॅग्नेशियम झुकत्या मापाने उचलते. त्यामुळे ऑलिव्हिनमधील लोह-मॅग्नेशियम गुणोत्तर भागिले द्रवातील तेच गुणोत्तर ही संख्या बऱ्यापैकी स्थिर राहते. पृथ्वीवरील नेहमीच्या बेसाल्टसाठी ती ०.३० च्या आसपास धरतात, तर मंगळाच्या लोहसमृद्ध शिलारसासाठी ०.३५ च्या आसपास. आता ३२ भागिले ६८ म्हणजे ०.४७, त्याला ०.३५ ने भागले की द्रवातील गुणोत्तर १.३४ येते. म्हणजे द्रवाचा मॅग्नेशियम-क्रमांक, अर्थात दोहोंच्या बेरजेत मॅग्नेशियमचा शेकडा वाटा, ४३ च्या जवळ. खडकाचा स्वतःचा क्रमांक मात्र ६८ च्या आसपास. एवढी तफावत पाहिल्यावर संपूर्ण खडकाचे विश्लेषण बाजूला ठेवावेच लागते. गणितात द्रवातले फक्त फेरस (दोन धन प्रभारांचे) लोह धरायचे, हे विसरू नका; माझ्या विद्यार्थिदशेत मी ते विसरलो होतो आणि दोन आठवडे चुकीच्या तक्त्यात डोके घालून बसलो होतो.

पातळ_छेद:
वरील उत्तराला एक जोड देतो. ऑलिव्हिन वाढताना द्रवाचे बारीक थेंब पोटात अडकतात, आणि निघून गेलेल्या रसाचा तोच सर्वांत थेट नमुना असतो. शासिन्यीतील अशा थेंबांमध्ये केरसुटाइट हे हायड्रॉक्सिल (पाण्याचा अंश) धारण करू शकणारे ॲम्फिबोल गटातील खनिज सापडले, म्हणूनच मंगळाच्या शिलारसात पाणी किती होते हा वाद इतका रंगला. मात्र थेंब थंड होताना त्याच्या भिंतीवर आणखी ऑलिव्हिन चढते. ते गणिताने परत मिसळल्याशिवाय थेंबाचे विश्लेषण वापरणे म्हणजे पुन्हा तीच चूक.

दादर_पूर्व:
दोघांचेही आभार. म्हणजे खडक आणि द्रव यांचे क्रमांक जुळले, तर तो खडक खराखुरा गोठलेला शिलारस मानता येतो का? असे एखादे उदाहरण आहे का?

घाटमाथा:
आहे. अंटार्क्टिकात मिळालेला मंगळाचा अशनी यामातो ९८०४५९ घ्या. त्याच्या ऑलिव्हिनच्या गाभ्यात मॅग्नेशियमचा वाटा ८५ च्या आसपास आहे. वरचेच गणित केले की द्रवाचा क्रमांक ६६ ते ६७ येतो, आणि संपूर्ण खडकाचा क्रमांकही तितकाच आहे. त्यात प्लॅजिओक्लेज नाही, स्फटिकांमधली जागा काचेने भरलेली आहे, म्हणजे तो झपाट्याने थिजला. हे संघटन घेऊन प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांतून असे दिसले, की सुमारे १२ किलोबार दाब आणि १५४० अंश सेल्सिअस तापमान असताना हा द्रव ऑलिव्हिन व ऑर्थोपायरॉक्सीन या प्रावरणातील दोन्ही मुख्य खनिजांशी समतोलात राहतो. मंगळाचे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे एवढा दाब तिथे सुमारे १०० किलोमीटर खोलीवर मिळतो. पृथ्वीवर त्यासाठी चाळीसेक किलोमीटर पुरतात. प्रावरणातून सुटलेला द्रव वाटेत फारसा न बदलता वर आला, असे म्हणण्याचे धाडस इथे करता येते. अशी जुळणी क्वचितच होते. यामातो ज्या वर्गात मोडतो त्या शेरगोटाइट या मंगळ-अशनींपैकी बहुतेकांचे संघटन वाटेत बदललेले असते. (हा वर्ग ज्या अशनीच्या नावाने ओळखला जातो, तो २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटीजवळ पडला होता.)

पातळ_छेद:
निबंधात ४३ हा आकडा जपून लिहा. लोह आणि मॅग्नेशियम ऑलिव्हिनमध्ये चटकन विसरण पावतात (अणू स्फटिकातून इकडून तिकडे सरकतात), त्यामुळे सावकाश थंड झालेल्या खडकात गाभा आणि कडा यांतला फरक पुसला जातो. स्फटिकांच्या फटींत अडकलेला उरलासुरला द्रव लोहयुक्त असतो आणि शेजारच्या ऑलिव्हिनलाही लोहाकडे ओढतो. म्हणजे स्फटिक वाढताना ६८ पेक्षा अधिक मॅग्नेशियमयुक्त असणे शक्य आहे, आणि त्या हिशेबाने ४३ ही मूळ शिलारसाची खालची मर्यादा ठरते. मूळ वाढीचे पट्टे शोधायचे असतील तर फॉस्फरसचा नकाशा पाहा. तो ऑलिव्हिनमध्ये फारच संथपणे हलतो, त्यामुळे लोहाने पुसलेल्या खुणा त्यात टिकून राहू शकतात.