प्रतिसाद: आलेख सपाट, पण कोणत्या स्लोपवर?

गाणं मिक्स करताना अ‍ॅनालायझरमधला (कुठल्या फ्रिक्वेन्सीला आवाज किती आहे ते दाखवणारं साधन) आलेख सपाट दिसेपर्यंत ईक्यू (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त) करत राहावं, हा वरचा सल्ला मला पटत नाही. सपाट दिसणं स्लोपच्या, म्हणजे अ‍ॅनालायझर आलेखाला दर ऑक्टेव्हला (फ्रिक्वेन्सी दुप्पट होताना) जो चढ देतो त्याच्या, सेटिंगवर ठरतं, आणि तो मुद्दा या चर्चेत अजून आलेलाच नाही. स्लोप शून्य असेल तर पिंक नॉइजसुद्धा (प्रत्येक ऑक्टेव्हमध्ये सारखीच ऊर्जा असलेला चाचणीचा आवाज) दर ऑक्टेव्हला 3 डेसिबलने उतरताना दिसतो. व्हॉक्सेंगो स्पॅन या अ‍ॅनालायझरमध्ये स्लोप मुळातच दर ऑक्टेव्हला 4.5 डेसिबल ठेवलेला असतो, त्यामुळे शून्य स्लोपवर उतरतं दिसणारं गाणं तिथे बरंच सपाट वाटतं. शून्य स्लोपवर आलेख सपाट करायला गेलात तर ट्रेबल (वरच्या फ्रिक्वेन्सी) इतका चढेल की झांजा आणि गायकाचा 'स' कानाला टोचतील.

रेफरन्स गाणं (तुलनेसाठी घेतलेलं तयार गाणं) तुमच्या मिक्सच्याच स्लोपवर बघा, पण आधी दोन्हींचा लाउडनेस जुळवून घ्या. मोठ्याने वाजणारं सहसा सरस वाटतं.