टाळी पडली की प्रश्न सुटतो का?

(सामाजिक नाटकाबद्दल टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची एक चर्चा)

तिसरी घंटा:
परवा एक सामाजिक नाटक पाहिलं. विषय घरातल्या मारहाणीचा, लेखन प्रामाणिक, कामंही चोख. शेवटच्या प्रवेशात नायिका पुढे येते, बाकीचा रंगमंच अंधारतो, ती नवऱ्याला खडे बोल सुनावते आणि क्षणभर थांबते. ती टाळीची जागा होती आणि टाळी पडलीच. मीही वाजवली. बाहेर पडताना मात्र अस्वस्थ झालो, कारण त्या टाळीनं मला त्या घरातून अलगद बाहेर काढलं होतं. मारणारा तो, सोसणारी ती, आणि मी तिच्या बाजूचा! सगळं प्रेक्षागृहच तिच्या बाजूचं असेल, तर ही मारहाण चालते कुणाच्या घरात?

याच्या उलट विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. १९६७ सालचं नाटक. एका नाटकमंडळीतले लोक वेळ घालवायला अभिरूप, म्हणजे खोटा-खोटा खटला मांडतात, आरोपी म्हणून बेणारे बाईंना उभं करतात. सुरुवातीच्या थट्टेत आपण सामील असतो, आपल्यालाही हसू येत असतं. मग त्या खेळात तिचं खरं आयुष्य, लग्नाविना राहिलेले दिवस, उघडं पडायला लागतं आणि कळतं, की आपण मघापासून कोर्टाच्या बाजूला बसलोय. तेंडुलकरांनी प्रेक्षकाला साक्षीदार नाही, सामील केलं. माझं म्हणणं एवढंच: ज्या नाटकात प्रेक्षकाला स्वतःची खुर्ची टोचत नाही, ते विषयानं सामाजिक असेल, पण आव्हान म्हणून पोकळ आहे. पटतंय का?

पिटातला प्रेक्षक:
अजिबात नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला आरोपी करणं म्हणजेच आव्हान, ही समजूत साठोत्तरी नाटकानं पसरवली. त्याआधीच्या नाटकांनी काहीच केलं नाही का? १८९९ च्या ‘संगीत शारदा’त देवलांनी जरठ-कुमारी विवाहावर, म्हणजे म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्यावर घाव घातला, तो पदांमधून आणि विनोदातून. म्हाताऱ्या नवरदेवाला, भुजंगनाथाला बघून लोक पोट धरून हसले. पाऊणशे वयमानाचं ते पद घराघरांत गेलं. १९२९ ला शारदा कायदा झाला तो या नाटकामुळेच. टोचणाऱ्या किती नाटकांनी कायदा घडवलाय?

जुनी नोंदवही:
एक दुरुस्ती. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा ओळखला जातो तो अजमेरच्या हरबिलास सारडा यांच्या नावानं, कारण विधेयक त्यांनी मांडलं होतं. उच्चार सारखा असल्यामुळे हा घोटाळा वर्षानुवर्षं चालत आलाय. देवलांचं नाटक त्याच्या ३० वर्षं आधीचं. आणि संमतिवयाचा, म्हणजे मुलीच्या शरीरसंबंधाचं किमान वय कायद्यानं ठरवण्याचा वाद तर नाटकाच्याही आधी, १८९१ च्या सुमारास पेटलेला होता.

पिटातला प्रेक्षक:
दुरुस्ती मान्य, ही गोष्ट मी लहानपणापासून तशीच ऐकत आलो. कायद्याचा मुद्दा मागे घेतो, पण मूळ मुद्दा सोडत नाही. म्हाताऱ्या नवरदेवाची समाजात ऐट होती. पैसा होता, पोरीचा बाप हात जोडून उभा होता. देवलांनी ती ऐट उतरवली. एखादी गोष्ट हास्यास्पद झाली, की ती चारचौघांत करणं अवघड होतं. हे काम प्रेक्षकाला न दुखावता झालं, म्हणूनच ते दूरवर पोचलं.

विंगेतून:
मी बेणारे केली आहे, हौशी स्पर्धेत, त्यामुळे राहवत नाही.

शेवटी तिला बचावासाठी फक्त दहा सेकंद देतात. ती गप्प उभी राहते. मग बाकीचे गोठतात, प्रकाश बदलतो आणि तिचं ते लांबलचक स्वगत सुरू होतं. ते संपतं तेव्हा कोर्टाच्या हिशेबात तिनं तोंडही उघडलेलं नसतं. तालमीत मला सगळ्यात कठीण गेलं ते स्वगत नाही, तर त्याआधीचं गप्प उभं राहणं. प्रयोगात तेवढ्यात पहिल्या दोन-तीन रांगांमधले श्वास ऐकू येतात.

प्रयोगानंतर रंगपटात मेकअप उतरवत होते. एक वयस्कर गृहस्थ आवर्जून भेटायला आले. म्हणाले, “फार सुंदर काम केलंत. पण काही म्हणा, त्या बाईनं असं वागायला नको होतं.” मी चेहऱ्यावर क्रीम तसंच ठेवून बघत राहिले. मला अजूनही ठरवता येत नाही, की नाटक त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही, की इतकं पोचलं की मनातलं बोलून दाखवल्याशिवाय त्यांना घरी जाता येईना.

पण तिसरी घंटा, तुमच्या ‘टोचलं पाहिजे’ला माझी हरकत आहे. दुसऱ्या एका नाटकात माझ्यावर बलात्काराचा प्रवेश होता. दिग्दर्शकांचं एकच पालुपद, “प्रेक्षक हादरला पाहिजे.” दर तालमीला तो प्रवेश थोडा लांबायचा. आणि एका प्रयोगाला ऐन त्या क्षणी मागून शिट्टी आली. मी खाली पडलेली होते, डोळे मिटून. त्या शिट्टीनंतर मी तो प्रवेश नऊ वेळा केला. हादरवायच्या नादात किंमत कुणाच्या शरीरातून वसूल होते, हे लिहिणारे-बसवणारे विचारात घेत नाहीत.

चौकातलं नाटक:
सगळेजण नाट्यगृहाच्या चार भिंतींतच बोलताय. प्रेक्षक कोण, हे आधी विचारा ना. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. अडाणी शेतकरी जोडप्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडणारा जोशी, आणि मधेमधे बोलणारा विदूषक. मराठी लेखनाला बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीनं ते नाकारलं आणि शंभराहून जास्त वर्षं ते छापलंसुद्धा गेलं नाही. म्हणजे नाटक आव्हान देतं की नाही याच्या आधी ते कुणाच्या दारात अडतं, हा प्रश्न आहे.

२०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांनी गो. पु. देशपांड्यांचं ‘सत्यशोधक’ केलं, अतुल पेठेंच्या दिग्दर्शनात. ज्यांच्याबद्दल नाटकं लिहिली जातात ते स्वतः उभे राहून फुल्यांचं म्हणणं मांडत होते. तिथे बघणाऱ्याला टोचायला वेगळी युक्ती लागली नाही.

पिटातला प्रेक्षक:
‘सत्यशोधक’ मी पाहिलंय आणि मी भारावलो होतो. पण त्यातली गाणी, तो जोश आठवा. लोकांनी भरभरून दाद दिली. म्हणजे टाळी वाईट नव्हे!

तिसरी घंटा:
विंगेतून ताई, तुमचं लिहिणं वाचून मी माझं ‘खुर्ची टोचली पाहिजे’ हे म्हणणं पुन्हा तपासलं. हादरवणं आणि सामील करून घेणं यात मी फरक केला नव्हता, तो करायला हवा होता. शिट्टी मारणारा हादरला नव्हता, त्याला फुकटचं बघायला मिळालं होतं. ती चूक अभिनेत्रीची नव्हे, प्रवेशाच्या बांधणीची. अत्याचार दाखवून जे साधत नाही, ते ‘कोर्ट’ नुसत्या जबान्यांतून साधतं. तिथे अत्याचाराचा प्रवेश लागत नाही, आणि तरी तिला सोलून काढतात.

पिटातले, तुमच्याशी मात्र वाद कायम आहे. लोकांना न दुखावण्याच्या आग्रहानं काय होतं ते नॉर्वेच्या नाटककार इब्सेनला विचारावं. ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ चं. नोरा नवऱ्याचं घर सोडून जाते. जर्मनीतल्या एका नामांकित अभिनेत्रीनं तो शेवट करायला नकार दिला. मग इब्सेननं नाइलाजानं दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा मुलांकडे बघून थांबते. आपणच केलेल्या त्या बदलाला तो पुढे रानटी अत्याचार म्हणाला. आज जगभर नाटक होतं ते दार बंद होण्याच्या आवाजासकट. थांबलेली नोरा कुणाला आठवते?

पिटातला प्रेक्षक:
नोरा जाते तेव्हा प्रेक्षक तिच्याच बाजूचा असतो, हे तरी मान्य कराल? आरोपी तिचा नवरा हेल्मर आहे, मी नाही. तुमचंच उदाहरण तुमच्या सिद्धान्तात बसत नाही.

तिसरी घंटा:
आज आपण तिच्या बाजूचे आहोत. त्या काळी ती मुलं टाकून जाते म्हणून गदारोळ झाला होता. बाजू बदलायला एवढा काळ गेला. पण हो, आजच्या प्रेक्षकाला ते नाटक पूर्वीसारखं टोचत नसेल, हे मला मान्य करावं लागेल. याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही.

विंगेतून, एक विचारायचं राहिलं. ‘कोर्ट’च्या प्रयोगाला टाळ्या पडल्या का?

विंगेतून:
आम्ही शेवटी कलाकारांची ओळखपरेड ठेवलीच नव्हती. नाटकाच्या अखेरीस बेणारे तशीच पडून असते, खटल्यात सामील झालेला गावातला साधा सामंत तिच्याजवळ कापडी पोपट ठेवून जातो. आम्ही पडदा न पाडता प्रेक्षागृहातले दिवे लावले. मी उठले नाही. काहींनी वाजवलं, मग मधेच थांबले. खुर्च्या वाजायला लागल्या, लोक हळूहळू निघाले. मला फक्त पावलं ऐकू येत होती. एक मुलगी रंगमंचाच्या कठड्यापाशी येऊन उभी राहिली होती, सॅक छातीशी धरून. दाराशी असलेल्या काकांनी तिला दोनदा हाक मारली, तेव्हा ती गेली.