मदत हवी आहे: एसटीपीची वीज गाळाच्या गॅसवर निघंल का?

नमस्कार मंडळी, मी परभणीकडच्या एका छोट्या सांडपाणी प्रकल्पावर (एसटीपीवर) ऑपरेटर आहे. एसबीआर प्लांट आहे, म्हणजे एकाच टाकीत आळीपाळीनं हवा मारायची आणि गाळ बसू द्यायचा; निम्म्याहून जास्त वीज हवा मारणारे ब्लोअरच खातात, त्यात लाईट गेली की हवा बंद आणि थोड्या वेळात टाकीतलं पाणी काळपट पडून असा वास सुटतो की शेजारच्या वस्तीतले लोक गेटवर येतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.

ऑस्ट्रियातला स्ट्रासचा प्लांट 2005 मध्येच लागते त्यापेक्षा जास्त वीज बनवायला लागला. तिथं पहिल्याच टप्प्यात घाण गाळात पकडून डायजेस्टरला, म्हणजे बिनहवेच्या बंद टाकीत गाळ कुजवून गॅस काढतात तिथं, देतात. आपल्याकडं उलटं, सुरुवातीलाच गाळ खाली बसवणारी टाकी (प्रायमरी क्लॅरिफायर) नाही, गाळ हवेत इतका फिरतो की गॅस व्हायचा माल आधीच संपतो. वर घरोघरी सेप्टिक टँक, म्हणजे येणारं पाणीच पातळ. एक घनमीटर बायोगॅसमागं इंजिनावर दोनेक युनिट धरले तरी गाळ तर पाह्यजे ना.

आपल्या उन्हामुळं डायजेस्टर 35 अंशाला ठेवायला त्रास कमी, ही जमेची बाजू.

कुणी मोंढ्यातला भाजीपाला आणि हॉटेलचं खरकटं गाळात मिसळून चालवलंय का? किती टक्क्यांपर्यंत मिसळावं, आंबट पडू नये म्हणून काय बघता? हायड्रोजन सल्फाईडनं इंजिन खराब होऊ नये म्हणून लोखंडाच्या कीसाचा फिल्टर पुरतो का? सोलर बसवलं तरी रात्रीच्या ब्लोअरचं काय करता, तेवढं कृपया सविस्तर सांगा.