ससाणा म्हणजे नक्की कोण?

वडाचीसाल: मुलांच्या एका पुस्तकाचं भाषांतर करतेय. त्यात जंगलातला एक 'हॉक' आहे, पानांआड दबा धरून सरडे उचलणारा. मी बेधडक 'ससाणा' लिहिलं. संपादकांनी ते खोडून समासात लिहिलं, 'ससाणा म्हणजे फाल्कन. शिक्रा करा.' पण शिक्रा ही एकच जात झाली ना? मूळ मजकुरात जात दिलेलीच नाही. सगळ्या हॉकमंडळींना मिळून काय म्हणायचं?

कोरडवाहू: संपादक बरोबर आहेत. बहिरी ससाणा फाल्कनच. लांब टोकदार पंख, मोकळ्या आभाळातून सूर मारायचा आणि चोचीच्या दातासारख्या टोकाने मानेचा मणका तोडायचा. शिक्र्याचे पंख आखूड, गोलसर, शेपूट लांब, म्हणून फांद्यांमधून वळणं घेत घुसतो. मारतो तो नखांनी आवळून. शिवाय डीएनए पाहिलं तर फाल्कन निघाले पोपटांचे भाऊबंद!

अनुस्वार: शब्दांना डीएनए कुठलं लावता? अमरकोशात 'शशादन' आणि 'श्येन' एकाच पक्ष्याची नावं आहेत. शशादन म्हणजे ससा खाणारा, त्याचाच ससाणा. तेव्हा चोचीचं टोक कोण बघत बसलं होतं? हा शिक्रा मात्र फारसीतून आलेला. घरचा श्येन असताना उसनवारी कशाला?

कोरडवाहू: मग 'बाज' पण हाकला, तोही फारसीच. आणि सात वर्षांच्या पोराला श्येन म्हणजे काय कळणार? मला स्वतःला आधी श्येनचितीच्या, म्हणजे पक्ष्याच्या आकाराच्या यज्ञवेदीच्या विटा आठवतात.

जुनीगच्ची: गंमत म्हणजे शिकारी पक्षी पाळणारे शिक्रा म्हणत ते मादीलाच. नर तो चिपका. बाजाचंही तसंच, नराला जुर्रा. मादी अंगाने मोठी, मान तिचा. मराठीत आपण सरसकट 'तो शिक्रा' करून टाकला.

अनुस्वार: म्हणजे आता 'ती शिक्रा'? कठीण आहे.

तिरफळ: आमच्या गावात हे सगळे 'घार'. गेल्या मे महिन्यात शेवग्यावर एक बसला होता. पारव्याएवढा जीव, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे लालभडक, म्हणजे नर. पायाखालच्या सरड्याची शेपटी अजून हलत होती. खाली सातभाईंचा नुसता कलकलाट. आई आतून ओरडली, "अरे घार आली, पिल्लं झाक!" आता आईला काय फाल्कन समजावू?

जुनीगच्ची: डोळे लाल होते ना नक्की? मी शिक्रा म्हणून मिरवलेला फोटो पावशाचा, म्हणजे कोकिळेच्या भाऊबंदाचा निघाला. रंग तोच, उडण्याची ढबही तीच. लहान पाखरं फसतात, आपण कोण? पावशाची अंडी मात्र त्याच सातभाईंच्या घरट्यात.

वडाचीसाल: मंडळी, उद्या फाईल द्यायची आहे. ससाणा ठेवू की काढू?

तिरफळ: पावशा म्हणजे 'पेरते व्हा' वालाच ना?

कोरडवाहू: तोच. पण आमच्या नागपूरकर मेव्हण्याला त्यात 'पी कहाँ' ऐकू येतं.

अनुस्वार: मेव्हण्याचे कान तपासून घ्या.