महिला ‘बेकारी’ दर की ‘बेरोजगारी’ दर?

कृष्णाकाठ : सातारा जिल्ह्यातल्या बचतगटांसाठी एका माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. मजकूर देशाबद्दलचा आहे : १५ वर्षांवरील महिलांचा बेरोजगारी दर २०१७-१८ मध्ये ५.६ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ३.२ झाला, सबब श्रमबाजाराची तब्येत सुधारली. मी ‘१०० महिलांमागे ३ बेरोजगार’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी तिथे ‘महिला बेकारी दर’ घातलं. कोणता शब्द ठेवू?

वाईकर : बेकारी. जुना, रुळलेला शब्द. ‘बेरोजगारी’ हिंदी बातम्यांतून घुसलंय.

आकडेमोड : शब्द कोणताही ठेवा, ‘१०० महिलांमागे’ आधी काढा. या दराच्या छेदात सगळ्या बायका नसतात. काम करणाऱ्या आणि काम शोधणाऱ्या, एवढ्याच. २०१७-१८ मध्ये शंभरातल्या २३.३ जणी छेदात होत्या, २०२३-२४ मध्ये ४१.७. आता गुणाकार करा. २३.३ चे ५.६ टक्के म्हणजे १.३, आणि ४१.७ चे ३.२ टक्के म्हणजेही १.३. काम मागून न मिळालेल्या बायका शंभरात तेवढ्याच राहिल्या, फक्त छेद फुगला. तेव्हा खोडायचंच तर ‘सबब सुधारली’ खोडा.

वाईकर : छेद फुगला म्हणजे बायका कामाला लागल्या. ही सुधारणा नव्हे?

आकडेमोड : कसल्या कामाला ते पाहा. काम करणाऱ्या बायकांत तीनांतल्या एकीहून अधिक जणी घरच्या शेतात नाहीतर धंद्यात बिनपगारी मदतनीस आहेत. हे आकडे ज्यातून येतात त्या सरकारी श्रमबल सर्वेक्षणात त्यांचा संकेतांक २१. फक्त घरकाम करणारीला ९२. घरकामासोबत घरच्यापुरतं शिवण-टिपण, सरपण गोळा करणं असेल तर ९३. काम शोधणारी किंवा मिळालं तर करायला तयार असलेली ८१. दराच्या अंशात हीच ८१ येते. ९२ आणि ९३ छेदातही येत नाहीत. गोधडी घरात पांघरली तर ९३, तीच नेमाने शिवून विकली तर ११, म्हणजे स्वयंरोजगार.

हळदीचं पेव : आणि हे सगळं प्रश्न कसा विचारला त्यावर ठरतं. ‘काम करता का?’ म्हटलं की आमच्याकडे उत्तर ठरलेलं : ‘न्हाई, घरीच असते.’ लिहिणाऱ्याने तिथेच ९२ टाकला की बाई हिशेबातून गेली. आधी म्हशीचं विचारायचं. धार कोण काढतं, वैरण कोण आणतं? मग रानाचं : भांगलायला कोण होतं, द्राक्षाची विरळणी कोणी केली? तिच्याच तोंडून २१ निघतो. दूध डेअरीला न घालता घरी प्यायलं तरी आपल्या सर्वेक्षणात ते कामच धरतात.

शब्दाचं म्हणाल तर सांगलीकडे ‘रोजगाराला गेली’ म्हणजे दुसऱ्याच्या रानात रोजानं गेली. त्यामुळे ‘बेरोजगार महिला’ वाचून स्वतःचं रान असलेली बाई म्हणेल, ‘आम्ही कुठं रोजगाराला जातो?’ आणि ‘बेकार’ तर सरळ शिवीच झालीय. बेकार पिक्चर, बेकार रस्ता.

वाईकर : मग दोन्ही फारसी शब्द सोडा. ‘कामेच्छू’ घ्या.

हळदीचं पेव : बचतगटाच्या बैठकीत ‘कामेच्छू’ म्हणून दाखवा, आम्ही चहा पाजतो.

मिरज जंक्शन : रोजगार शब्दाला सांगली जिल्ह्यात मान आहे. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग १९६९ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला. कायदा १९७७ चा, लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला. गंमत अशी की रोजगार हमीत अर्ज भरून काम मागितलं आणि १५ दिवसांत मिळालं नाही, तर जो मिळायला हवा त्याला लोक ‘बेकारी भत्ता’च म्हणतात. काम मिळालं तर रोजगार, नाही मिळालं तर बेकारी!

कृष्णाकाठ : आणि हंगामी बाईचं काय? बेदाणा शेडवर फेब्रुवारी-मार्चात निवडायला जाते, एरवी घरी.

आकडेमोड : वर्षाच्या मोजणीत ३० दिवस भरले की ती दुय्यम कामाची कामकरी. आठवड्याच्या मोजणीत मागच्या ७ दिवसांत निदान एक तास काम लागतं. म्हणजे ऑगस्टात तिच्या दारी गेलं आणि ती म्हणाली ‘बोलावलं तर जाईन’, तर आठवड्याच्या मोजणीत तीच बाई बेरोजगार. एप्रिल २०२५ पासूनचे महिन्या-महिन्याचे जे आकडे येतात ते आठवड्याच्या मोजणीचे, आणि तुमच्या पत्रकातला ३.२ वर्षाच्या मोजणीचा. ‘महिला बेरोजगारी दर’ एवढंच लिहून भागणार नाही, मोजणी कोणती तेही शेजारी लिहा. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवून ‘बेकारी वाढली’ असा मथळा करील.

मिरज जंक्शन : सावडीने जाणारी कुठे बसवायची? आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. पैसा नाही, रोज नाही.

हळदीचं पेव : त्याला इकडे पैरा म्हणतात. सावड तिकडे मावळात.

आकडेमोड : पैसा नसला तरी काम करणारीच.

वाईकर : पैरा म्हणजे इर्जिकच ना?

हळदीचं पेव : अजिबात नाही! इर्जिकेत गाव मिळून एकाचं रान उरकतं आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. पैऱ्यात दिवसाला दिवस फेडावा लागतो. बैलाचा पैरा माणसाने फेडायचा असला तर किती दिवस धरायचे, यावरून अजून भांडणं होतात.

मिरज जंक्शन : पैरा मुळात पेरणीवरून आला असणार.

वाईकर : छे, पायरीवरून. पाळीपाळीने चढायचं म्हणून.

हळदीचं पेव : दोन्हीला काही पुरावा?