मदत हवी आहे : विनोदात लपवलेला दुवा मुलांना दुसऱ्या प्रकरणातच सापडतो आहे

नमस्कार. नऊ ते अकरा वर्षांच्या वाचकांसाठी मी एक विनोदी रहस्यकथा लिहिते आहे. सात प्रकरणांचा कच्चा खर्डा तयार आहे, पण एका वाक्यापाशी मी महिनाभर अडले आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्या, त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या किंवा लहानपणी रहस्यकथांची पारायणे केलेल्या सर्वांचीच मते मला हवी आहेत. रहस्य उघड केल्याशिवाय प्रश्न मांडता येत नाही, म्हणून ते सांगूनच टाकते.

शाळेच्या वाचनालयातील नव्याकोऱ्या रहस्यकथांमधून शेवटचे पान नाहीसे होऊ लागते. चोर कोण हे सांगणारे नेमके तेच पान. दहा वर्षांची गार्गी तपास हाती घेते. तिच्याजवळ भिंग आहे, वही आहे आणि आपला तर्क चुकूच शकत नाही असा गाढ विश्वास आहे. तिचे निरीक्षण खरोखर उत्तम आहे, मात्र निष्कर्षाला पोहोचण्याची तिला विलक्षण घाई असते. ग्रंथपाल बाईंच्या बोटाला डिंक दिसताच, त्या चोरलेली पाने चिकटवून एक नवेच पुस्तक तयार करत आहेत, असे ती वहीत लिहून मोकळी होते. मधल्या तीन प्रकरणांत ती चार निरपराध माणसांवर संशय घेते आणि चौघांची लेखी माफी मागते, पण प्रत्येक माफीपत्रात ‘तूर्त’ हा शब्द घालायला विसरत नाही.

पाने काढणारा निघतो तिच्याच वर्गातला अबोल निनाद. शेवटचे पान आधी वाचण्याची त्याला खोड आहे आणि त्यामुळे प्रत्येक गोष्टीची मजा जाते, हे त्याला स्वतःलाच सहन होत नाही. म्हणून मधल्या सुट्टीत तो पुस्तक मलपृष्ठाकडून उघडतो, शेवटचे पान न वाचता पट्टी लावून अलगद काढतो आणि पाकिटात बंद करतो. गोष्ट वाचून झाली की पान परत ठेवायचे, असा त्याचा प्रामाणिक बेत असतो. परंतु पाकिटांवर पुस्तकांची नावे लिहायची राहून जातात, आणि आता कोणते पान कोणत्या पुस्तकाचे हे ठरवायचे तर सगळे शेवट वाचावे लागतील, या पेचात तो सापडतो.

आता दुव्याविषयी. पुस्तक बहुधा सोळा पृष्ठांच्या फर्म्यांचे, म्हणजे छापून दुमडलेल्या कागदांच्या जुड्यांचे असते, हे मी कथेत वापरले आहे. आठ फर्म्यांचे पुस्तक १२८ पृष्ठांचे होते. गोष्ट १२७व्या पृष्ठावर संपली, तर त्याच पानाची मागची बाजू, म्हणजे १२८वे पृष्ठ, कोरी राहते. पान गेल्यावर पुस्तक १२६व्या पृष्ठाशी थांबते, आणि पुढे एक पृष्ठ छापलेले होते की दोन, हे ते पान पाहिलेल्यालाच सांगता येते. (पुस्तक नुकतेच आलेले आहे आणि इतर कोणी ते वाचलेले नाही, हे मी आधीच स्पष्ट केले आहे, नाहीतर हा दुवा लंगडा पडेल.) दुसऱ्या प्रकरणातील साक्षीचा प्रसंग असा आहे :

“शेवटचं पान तुला पाठ होतं का?” गार्गीने विचारले.
“पाठकोरं,” निनाद पुटपुटला.
गार्गीने वहीत लिहिले : ‘पाठ – कोरं. या साक्षीदाराला काहीही आठवत नाही.’

इथे प्रकरण संपते. सातव्या प्रकरणात गार्गी वही चाळते, मधली रेघ खोडून दोन शब्द जोडते आणि सगळा उलगडा होतो.

हे मी पाच मुलांना वाचून दाखवले. सगळी खळखळून हसली, आणि हसणे ओसरताच नऊ वर्षांची एक मुलगी शांतपणे म्हणाली, “पण त्याला कसं माहीत?” तिथेच रहस्य संपले. मग मी विनोद काढून टाकला आणि ती माहिती एका साध्या वाक्यात लिहून दुसऱ्या गटाला ऐकवली. या वेळी कोणालाही काही कळले नाही, पण शेवटी एक मुलगा चिडून म्हणाला, “हे तुम्ही सांगितलंच नव्हतं.” मी पान उलटून ते वाक्य दाखवले, तरी त्याचे समाधान झाले नाही, आणि मला त्याचे म्हणणे पटले. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथेचे जे दहा नियम मांडले, त्यांत गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, असा एक नियम आहे. मी तो अक्षरशः पाळला होता, तरीही मुलाला आपण फसवले गेलो असे वाटले. विनोद दुवा झाकतो असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात तो दुव्यावर दिवा धरतो आहे. दुवा लक्षात राहील, पण खटकणार नाही, हे कसे साधावे?

प्रतिसाद :

तुमचा विनोद मुळीच काढू नका. अडचण त्याच्या जागेची आहे. प्रकरणाचे शेवटचे वाक्य वाचले की वाचणारा थांबतो, ऐकणारे हसतात, आणि त्या शांततेत मुलांच्या कानात तोच शब्द घुमत राहतो. साक्ष प्रसंगाच्या मध्यावर घ्या आणि तिच्या पाठोपाठ लगेच दुसरे, अधिक मोठे हसू येऊ द्या. त्यासाठी तुमच्या फर्म्यातच साहित्य आहे. शेवटच्या फर्म्यात १२७–१२८चे पान आणि ११३–११४चे पान हा एकच दुमडलेला कागद असतो. निनादने पान शिलाईच्या अगदी कडेने कापले असेल, तर त्याचे जोडीदार पान सैल होऊन गार्गीच्या हातात येईल. चोराचे पुढचे लक्ष्य ११३वे पृष्ठ आहे, असा निष्कर्ष काढून ती दिवसभर त्या पृष्ठावर पहारा देईल.

दुसरे म्हणजे, दुव्याला स्वतःचे काम हवे. जर्मन लेखक एरिश केस्टनर यांच्या मुलांसाठीच्या रहस्यकथेत एमिल नावाचा मुलगा प्रवासात पैसे हरवू नयेत म्हणून नोटा टाचणीने कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. वाचकाला ती केवळ काळजी वाटते. पुढे नोटांवरची छिद्रेच चोरी सिद्ध करतात. निनादला चित्रे काढण्यासाठी पाठकोरे कागद जमवण्याची सवय द्या. पहिल्या प्रकरणात तो ते मागत फिरला, की ज्या मुलांना हा शब्द ठाऊक नाही त्यांनाही अर्थ कळेल, आणि साक्षीच्या वेळी तो शब्द त्याच्या तोंडी स्वाभाविक वाटेल. एखादीने त्याला पकडलेच, तर तिला वाटेल की त्याने चित्रांसाठी पाने नेली. चोर सापडला तरी कारण चुकलेले असेल, आणि पाकिटांची गोष्ट शेवटपर्यंत तुमच्याच हाती राहील.

धागाकर्ती :

मनापासून आभार. जोडीदार पानाचा विचार मला सुचायला हवा होता, कारण घरातले एक जुने पुस्तक उसवून मी फर्मा प्रत्यक्ष पाहिला होता. काल रात्री प्रसंग नव्याने लिहिला. आता गार्गी “पाठ – कोरं” असे लिहीत असतानाच सैल पान तिच्या वहीवर घसरून पडते, आणि पहाऱ्याला तिच्या शेजारी बसतो तो निनादच. तो पहारा मनापासून देतो, कारण ११३वे पृष्ठ कोणी नेऊ नये असे त्यालाही वाटते.

एक शंका मात्र उरली आहे. गार्गीच्या चुकांवर मुले हसतात ते मला हवे आहे, पण तिला कोणी बावळट म्हणू नये. म्हणून वहीतील रेघ खोडण्याआधी, “मी बरोबर ऐकलं, चुकीचं लिहिलं,” असे तिने स्वतःच मान्य करावे, असा विचार आहे. हे वाक्य तिने सगळ्या वर्गासमोर म्हणावे, की पाकिटे हातात घेऊन बसलेल्या निनादला एकट्यालाच सांगावे?